गोल्डब्लॅट यांच्या फोटोओळींमागून : जोहान्सबर्ग परिसरातले पाच दिवस

जोहान्सबर्गला कॅमेरा घेऊन जायचं तर जून-जुलै गाठावा. तिकडे तेव्हा हिवाळा असतो. पाऊस जवळजवळ नाही, आणि सुमारे १,७५० मीटर उंचीवरच्या कोरड्या हवेत ऊन लख्ख पडतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो आणि अर्धा दिवस वाया जातो. जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास उगवतो, साडेपाचच्या आत मावळतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४० अंश वर असतो. म्हणजे दुपारचं ऊनही बाजूनं येतं, सावल्या लांब पडतात आणि दिवसभर काम करता येतं. एक गोष्ट मात्र आपल्याला चकवते. तिथं सूर्य उत्तरेकडून जातो. उत्तराभिमुख इमारतीचा दर्शनी भाग दिवसभर उजेडात, दक्षिणाभिमुख दिवसभर सावलीत. मुंबई-पुण्याच्या सवयीनं जागा हेरून ठेवली तर ऐन वेळी ऊन इमारतीच्या पाठीमागून येतं.

हा प्रवास एका माणसाच्या मागावर आहे. डेव्हिड गोल्डब्लॅट (१९३०-२०१८). वर्णभेदाच्या सगळ्या काळात आणि त्यानंतरही त्यांनी दक्षिण आफ्रिकेचे फोटो काढले. दंगली, लाठीमार, अंत्ययात्रा यांपेक्षा दुकानं, घरं, खाणी, बसगाड्या आणि चर्चच्या इमारती यांकडे त्यांचं लक्ष असे. गंमत अशी की त्यांनी उभ्या केलेल्या फोटोग्राफीच्या शाळेतून जे नामवंत बाहेर पडले, त्यांतलं कोणी त्यांच्यासारखे फोटो काढत नाही. त्यांच्यातला समान धागा दिसतो तो फोटोओळीत. कोण, कुठे, कधी आणि चौकटीत न दिसणारं असं काय, हे फोटोइतक्याच गांभीर्यानं लिहायचं. पाच दिवस त्या ओळींमागूनच फिरायचं आहे.

निघण्यापूर्वीची जुळवाजुळव थोडक्यात. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जात असाल आणि तिथला मुक्काम १२ तासांवर जाणार असेल, तर पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं. थांबा कमी असला तरी जवळ ठेवलेलं बरं, कारण काउंटरवर वाद घालायला वेळ नसतो. तिथला प्लग म्हणजे आपल्याकडचा गिझरचा जाड तीन पिनांचा प्लग, म्हणून १५ अँपिअरचा कन्व्हर्जन प्लग आपल्याच इलेक्ट्रिकच्या दुकानातून घ्यावा. फिल्म नेणार असाल तर रोल खोक्यातून काढून पारदर्शक पिशवीत ठेवा आणि सुरक्षा तपासणीत हातानं तपासायची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरमधून गेलेली फिल्म, विशेषतः आयएसओ ४०० किंवा त्याहून वेगवान, धुरकट होऊ शकते. मोठ्या बॅगेत, सामानाच्या पोटात, फिल्म कधीच ठेवायची नाही.

सगळ्यात महत्त्वाचं कॅमेऱ्याचं घड्याळ. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. घड्याळ भारतीय वेळेवर राहिलं तर रात्री नऊला काढलेला फोटो दुसऱ्या दिवशीच्या तारखेला साडेबारा वाजता काढल्यासारखा नोंदला जातो. फोटोओळीतली तारीख चुकते ती अशी, आणि मग वर्षभरानं कुणालाच उलगडा होत नाही.

दिवस पहिला : न्यूटाउन

विमानतळावरून गाउट्रेननं पार्क स्टेशनला यावं. या गाडीला रोख पैसे चालत नाहीत, कार्ड लागतं. पार्क स्टेशनपासून न्यूटाउन चालत जाण्याइतकं जवळ आहे, तरी कॅमेरा गळ्यात अडकवून चालू नये. टॅक्सी ॲपवरून मागवावी, कॅमेरा साध्या पिशवीत ठेवावा आणि सिग्नलला गाडी थांबली की पिशवी पायाशी, काच वर. काच फोडून मांडीवरची बॅग ओढून नेणं हा तिथला नेहमीचा प्रकार आहे.

न्यूटाउनमध्ये मार्केट थिएटर आहे, जुन्या भाजी-फळबाजाराच्या इमारतीत. ते सुरू झालं १९७६ च्या जूनमध्ये, काळ्यांच्या सोवेटो वसाहतीत शाळकरी मुलांवर गोळीबार झाला त्याच महिन्यात. कायद्यानं प्रेक्षक रंगावर वेगळे बसवले जायचे त्या काळात इथं सगळे एकत्र बसत. याच संस्थेच्या छायेत गोल्डब्लॅट यांनी १९८९ मध्ये मार्केट फोटो वर्कशॉप सुरू केलं. पत्ता लिलियन न्गोयी रस्ता, क्रमांक १३८. जुन्या नकाशांवर आणि जुन्या फोटोओळींत हाच रस्ता ‘ब्री स्ट्रीट’ आहे. जुलै २०२३ मध्ये याच रस्त्याचा शहराच्या मध्यातला भाग जमिनीखालच्या स्फोटानं फुटून वर आला होता. वाहतुकीचे वळसे चालकाला आधी विचारून घ्यावेत.

शाळा का काढावी लागली? फोटोग्राफी शिकवणाऱ्या संस्थांची दारं काळ्या तरुणांना जवळजवळ बंद होती. कॅमेरा, एन्लार्जर, कागद, रसायनं हा सगळा खर्च वेगळाच. म्हणून छोटे, परवडणारे वर्ग, आणि सर्व वर्णांच्या मुलांना एकत्र. आज तिथं पायाभूत, मध्यम आणि प्रगत असे टप्पे आहेत, आणि वृत्तछायाचित्रण व डॉक्युमेंटरीचा वेगळा अभ्यासक्रम. प्रदर्शनासाठी स्वतःची दालनं आहेत. त्यातल्या एकाचं नावच ‘गॅलरी १९८९’. पाहायला जायचं तर आठवड्याच्या कामाच्या दिवशी आणि आधी कळवून. वर्ग चालू असतो, त्यात डोकावत फिरणं बरं दिसत नाही.

गोल्डब्लॅट यांच्याबद्दलचा वाद इथंच सांगायला हवा. १९८२ मध्ये ओमर बादशा, पॉल वाइनबर्ग आदींनी ‘आफ्रापिक्स’ हा फोटोग्राफरांचा गट काढला. कॅमेरा हे लढ्याचं हत्यार, अशी त्यांची भूमिका. गोल्डब्लॅट त्या गटात नव्हते. कोणत्याही चळवळीच्या प्रचारासाठी फोटो काढणार नाही, हे त्यांनी लपवलं नाही, आणि याबद्दल त्यांना बोलणी खावी लागली. टीका अगदीच निराधार नव्हती. रस्त्यावर माणसं मरत असताना सलूनच्या पाट्यांचे फोटो काढणारा माणूस बघवत नाही. पण त्याच माणसानं पुढच्या पिढीच्या हातात कॅमेरा देण्याची व्यवस्था उभी केली, आणि त्या पिढीनं तो कशावर रोखावा हे सांगितलं नाही.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण झनेले मुहोली. जन्म १९७२, डरबनजवळचं उमलाझी. मार्केट फोटो वर्कशॉपमधला प्रगत अभ्यासक्रम २००३ मध्ये पूर्ण, पुढच्या वर्षी जोहान्सबर्ग आर्ट गॅलरीत पहिलं स्वतंत्र प्रदर्शन. २००६ पासून मुहोली काळ्या समलिंगी स्त्रियांची आणि ट्रान्स व्यक्तींची समोरून, सरळ नजरेची व्यक्तिचित्रं काढत आहेत. त्यांची संख्या आता पाचशेच्या वर गेली आहे. दिसायला गोल्डब्लॅट यांच्याशी काडीचंही साम्य नाही. पण प्रत्येक चित्राखाली माणसाचं नाव, जागा आणि वर्ष. ज्यांना समाज नावानं हाक मारत नाही त्यांचं नाव छापणं, हे फोटोओळीचंच काम.

मुहोली यांच्या कामातला एक धडा व्यवहाराचा आहे. २०१२ मध्ये केप टाउनमधल्या त्यांच्या घरी चोरी झाली आणि वीसहून अधिक हार्ड डिस्क गेल्या. मूळ प्रती होत्या, बॅकअपही होता, पण दोन्ही एकाच घरात. कित्येक वर्षांचं काम त्यात होतं. प्रवासातही हेच लागू. रोज रात्री दोन प्रती करायच्या, एक अंगावरच्या पिशवीत, दुसरी खोलीवरच्या सामानात, आणि इंटरनेट बरं असेल तिथून निवडक फाइली वर चढवून ठेवायच्या. घरी परत येईपर्यंत कार्डं पुसायची नाहीत.

जोडी बीबर याही याच शाळेच्या. अफगाणिस्तानातल्या नाक कापलेल्या तरुणीच्या फोटोसाठी त्यांना २०१० सालचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

संध्याकाळी न्यूटाउनमध्ये ‘कोटा’ खावा. चौथाई पाव पोखरून त्यात बटाट्याचे काप, अंडं, सॉसेज, लोणच्याच्या जातीचं अचार. दोघांना एक पुरतो.

दिवस दुसरा : फीटास आणि फोर्ड्सबर्ग

न्यूटाउनच्या पश्चिमेला लागूनच फोर्ड्सबर्ग. वाटेत हमीदिया मशीद लागते. १६ ऑगस्ट १९०८ रोजी गांधीजींच्या नेतृत्वाखाली भारतीयांनी इथं नोंदणीची प्रमाणपत्रं कढईत जाळली. त्या कढईचं स्मारक बाहेर आहे. तिथं दहा मिनिटं पुरतात. खरी जागा पुढे, पेजव्ह्यू. लोक तिला ‘फीटास’ म्हणतात.

इथला चौदावा रस्ता कापडाच्या आणि कपड्यांच्या दुकानांसाठी शहरभर प्रसिद्ध होता. दुकानदार बहुतेक भारतीय, खाली दुकान, वर किंवा मागे घर. वर्णानुसार वस्त्या वेगळ्या करणाऱ्या १९५० च्या ग्रुप एरियाज अ‍ॅक्टखाली हा भाग गोऱ्यांसाठी जाहीर झाला. माणसांना लेनेशियाला जायला सांगितलं, शहरापासून तीसेक किलोमीटर दूर. दुकानांसाठी सरकारनं फोर्ड्सबर्गमध्ये ‘ओरिएंटल प्लाझा’ बांधला, भाडी चढी. जे गेले नाहीत त्यांना सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हुसकावून बुलडोझर फिरवले.

गोल्डब्लॅट इथं १९७६-७७ मध्ये काम करत होते. एका फोटोत एक दुकानदार आपल्या लहान मुलीबरोबर दुकानात उभा आहे. मालानं भरलेली फळ्यांची भिंत, शांत चेहरे. नुसता फोटो पाहिला तर सुखवस्तू व्यापाऱ्याचं कौटुंबिक चित्र वाटेल. फोटोओळ मात्र नाव सांगते, आणि हे दुकान ग्रुप एरियाज अ‍ॅक्टखाली पाडण्यापूर्वीचं आहे हेही सांगते. चित्र तेच, पण ओळ वाचल्यावर त्या फळ्यांकडे पुन्हा पाहावं लागतं.

इथं फोटो काढायला आज काय उरलंय? मोकळे तुकडे, त्यावर उभी राहिलेली पुढची घरं, मधूनच जुना ओटा, आणि तेविसाव्या रस्त्यावरची मशीद, जी पाडली गेली नाही. चौदाव्या रस्त्यावर एका जुन्या घरात फीटास म्युझियम आहे. ते कोणी सरकारी खातं चालवत नाही, त्यामुळे वेळ ठरवूनच जावं.

फोटो काढण्याची पद्धत सांगायची तर इथं लांब लेन्स कामाची नाही. ३५ ते ५० मिलिमीटरची लेन्स, छातीच्या उंचीवर कॅमेरा. रस्ता अरुंद, समोरची भिंत उत्तराभिमुख असेल तर उजेड आणि सावलीतला फरक मोठा पडतो. अशा वेळी सावलीतल्या माणसावर उजेडाचं मोजमाप घेतलं तर मागची भिंत पांढरी फटक होते. भिंतीवर घेतलं तर चेहरा काळा. त्यापेक्षा माणसाला बोलता बोलता दाराच्या चौकटीत उभं करावं, उजेडाच्या कडेला. अगदी सोपा उपाय आहे, पण त्यासाठी बोलावं लागतं, आणि बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं.

गोल्डब्लॅट बोलणं सुरू कसं करत, याचा एक नमुना नोंदलेला आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली होती : लोकांचे त्यांच्या घरी फोटो काढायचे आहेत, पैसे घेणार नाही, छुपा हेतू नाही. आज हीच जाहिरात वाण्याच्या दुकानातल्या फळ्यावर किंवा वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर देता येते. त्यात तीन गोष्टी हव्यातच : फोटो कशासाठी, तो कुठे दिसेल, आणि प्रत कधी मिळेल. तिसरी पाळली नाही तर पुढच्या माणसाला ती गल्ली बंद होते.

शुक्रवार टाळावा किंवा मुद्दाम धरावा. दुपारी बारा ते दोन ओरिएंटल प्लाझा नमाजासाठी बंद असतो, रस्ते गाड्यांनी भरतात. प्लाझातले समोसे घ्यायचे तर त्याआधी.

रात्री खोलीवर फोटोओळी लिहायच्या त्या अशा. आधी माणूस किंवा वस्तू, मग जागा, रस्त्याच्या आणि वसाहतीच्या नावासकट. नाव बदललं असेल तर दोन्ही नावं. मग पूर्ण तारीख. शेवटी एक वाक्य, फक्त एकच, फोटोत न दिसणाऱ्या वस्तुस्थितीचं. विशेषणं नाहीत. ‘उद्ध्वस्त’, ‘हताश’, ‘करुण’ असले शब्द आले की ओळ फोटोला मदत करायची थांबते आणि वाचणाऱ्याला रडायला सांगू लागते. त्याच दिवशी लिहावं. तिसऱ्या दिवशी नावांचं स्पेलिंग आणि घरांचे क्रमांक हमखास सरमिसळतात.

दिवस तिसरा : रॅंडफोंटेन

शहराच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटर. भाड्याची गाडी घ्यावी. तिथंही वाहतूक डावीकडून, इंग्रजीत छापलेला भारतीय परवाना चालतो, तरी आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर असावा. गोल्डब्लॅट यांचा जन्म इथला. आजी-आजोबा लिथुआनियातून ज्यूंवरच्या हल्ल्यांपासून पळून आलेले, वडिलांचं पुरुषांच्या कपड्यांचं दुकान. वडील गेल्यावर त्यांनी ते विकलं आणि १९६३ पासून पूर्णवेळ फोटोग्राफी धरली. गावात त्यांच्या नावाचं काही पाहायला जाऊ नये, निराशा होईल. पाहायचं ते खाणींचं उरलंसुरलं.

खाणीवरच्या त्यांच्या कामातून १९७३ मध्ये पुस्तक झालं, मजकूर लेखिका नदीन गॉर्डिमर यांचा. त्यातला फावड्यांचा फोटो १९६६ सालचा, रॅंडफोंटेनच्या भंगार आवारातला. खाणीतून वर आणलेली झिजलेली फावडी, ढिगानं. ओळ सांगते की विटवॉटर्सरँड या सोन्याच्या पट्ट्यातल्या पिवळ्या टेकड्यांतला वाळूचा प्रत्येक कण आणि तिथल्या श्रीमंतीतला सोन्याचा प्रत्येक कण जमिनीखाली काळ्या माणसाच्या फावड्यावरून आला. एवढी लांब ओळ संपादक आज कापतील. कापली की उरतो भंगाराचा फोटो.

त्या पिवळ्या टेकड्या आता कमी होत आहेत. खडक भरडून सायनाइडनं सोनं काढल्यावर उरलेला गाळ आणि वाळू साठवून त्या तयार झाल्या. जुन्या पद्धतीत थोडं सोनं मागे राहायचं, म्हणून पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं टेकड्या विरघळवून तो गाळ पुन्हा प्रक्रियेला नेतात. गोल्डब्लॅट यांच्या फोटोतली टेकडी शोधत गेलात तर सपाट माळ सापडण्याची शक्यता जास्त.

टेकडीवर चढू नये. गाळात युरेनियम आणि इतर जड धातू असतात, कोरड्या वाऱ्यात धूळ उडते, आणि सोडलेल्या खाणींत बेकायदा खोदकाम करणाऱ्या टोळ्यांचं राज्य असतं. सार्वजनिक रस्त्यावरून, गाडी हाताशी ठेवून, मास्क लावून काम करावं. लेन्स बदलायची तर गाडीत, काचा लावून.

वस्तू आणि इमारतींच्या कामासाठी गोल्डब्लॅट मोठा, ४ बाय ५ इंची फिल्मचा कॅमेरा ट्रायपॉडवर लावून वापरत. तो वापरायचा क्रम असा. शटर आणि लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून काळ्या कापडाखाली दुधी काचेवर फोकस करायचा. चित्र उलटं दिसतं. मग शटर बंद. छिद्र एफ २२ पर्यंत लहान. शटर ताणायचं. फिल्मचा होल्डर सरकवायचा, एका होल्डरमध्ये दोन बाजूंना मिळून दोनच पत्रे (सुटे तुकडे) फिल्म. फिल्म झाकणारी पट्टी (तिची एक कड काळी, एक पांढरी) ओढायची, फोटो घ्यायचा, पट्टी परत घालायची ती काळी कड बाहेर करून, म्हणजे हा पत्रा वापरला हे कळतं. दोन चुका कायमच्या. शटर बंद न करता पट्टी ओढली की पत्रा जळतो. पांढरी कड बाहेर राहिली की त्याच पत्र्यावर दुसरा फोटो चढतो. तिसरा शत्रू धूळ. फोटो घेताना फिल्मवर बसलेला कण उजेड अडवतो आणि छपाईत काळा ठिपका देतो. छपाईच्या वेळचा कण पांढरा ठिपका देतो. रंगावरून चूक कुठे झाली ते ओळखता येतं.

उन्हातल्या या फिकट टेकड्यांवर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. तो त्यांना मध्यम राखाडी धरतो आणि फोटो काळवंडतो. एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्यावा.

दिवस चौथा : प्रिटोरिया आणि आर ५७३

हा दिवस सगळ्यात मोलाचा, आणि सगळ्यात सांभाळून करायचा.

वर्णभेदाच्या राजवटीनं एन्देबेले लोकांसाठी ‘क्वान्देबेले’ नावाचा प्रदेश आखला, १९८१ मध्ये त्याला नावापुरतं स्वशासन दिलं. तिथं कामं नव्हती. कामं प्रिटोरियात, पण प्रिटोरियात राहायला बंदी. उपाय म्हणून सरकारनं बससेवेला अनुदान दिलं. ‘पुटको’ कंपनीच्या गाड्या पहाटे अडीच-तीनला दूरच्या वस्त्यांवरून निघत आणि माणसं रात्री नऊ-दहाला परत पोचत. सर्वांत दूरच्यांचा रोजचा प्रवास आठ तासांपर्यंत जाई. गोल्डब्लॅट यांनी १९८३-८४ मध्ये या गाड्यांतून प्रवास करून फोटो काढले, पुस्तक आलं १९८९ मध्ये. फोटोओळींत घड्याळाची वेळ आहे, मार्गाचं नाव आहे, आणि एका परतीच्या फोटोखाली हेही आहे की या बसमधल्या बहुतेकांचं चक्र उद्या पहाटे दोन-तीनच्या दरम्यान पुन्हा सुरू होईल. घड्याळातली नुसती वेळ लिहून जे साधतं ते दहा विशेषणांनी साधत नाही.

रस्ता आजही आहे, आर ५७३, लोक त्याला मोलोटो रोड म्हणतात. गाउटेंग, म्पुमलांगा आणि लिम्पोपो या तीन प्रांतांतून जातो. बसही चालतात, अनुदानही आहे. रेल्वेच्या घोषणा अनेकदा झाल्या. अपघातांसाठी रस्ता कुप्रसिद्ध आहे, आणि त्याची कारणं साधी आहेत : अंधारातली प्रचंड वाहतूक, समोरासमोरच्या मार्गिका, कडेनं चालणारी माणसं, थकलेले चालक. म्हणून अंधारात या रस्त्यावर गाडी घालू नये.

पहाटे साडेपाचला, स्थानिक सहायक बरोबर घेऊन, प्रिटोरियातल्या माराबास्टाडला उभं राहावं. बस इथं रिकाम्या होतात. हा भागही भारतीय व्यापाऱ्यांचा होता, मारियम्मनचं देऊळ अजून आहे. माणसं उतरतात आणि भराभर पांगतात. प्रत्येक बसमागे दोन-तीन मिनिटं मिळतात. आधी बसच्या नियंत्रकाला भेटून परवानगी घ्यायची. शेजारच्या मिनीबस टॅक्सीच्या तळावर तर रांग सांभाळणाऱ्याला विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढायचाच नाही. तिथल्या संघटनांच्या आपापसातल्या हाणामाऱ्यांमुळे कॅमेऱ्याकडे हेर म्हणून पाहिलं जातं.

बसच्या आत उजेड फार कमी. डिजिटलवर आयएसओ ३२०० ते ६४००, एफ २, शटर एक भागिले पंधरा ते तीस. फिल्मवर ४०० ची फिल्म दोन स्टॉप ताणून १६०० वर. डेव्हलपिंगचा वेळ त्याप्रमाणे वाढवायचा. सावलीतला तपशील जाईल, दाणे मोठे दिसतील, ते मान्य करूनच निघायचं. हलण्याचं खरं कारण आपला हात नसतो. बस उभी असताना डिझेल इंजिनाची थरथर सीटच्या दांड्यातून येते. म्हणून कोपर दांड्याला किंवा खिडकीला टेकवायचे नाहीत, छातीशी दाबून धरायचे आणि श्वास सोडताना बटण दाबायचं. फ्लॅश नको. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर प्रकाश मारणं हा उद्धटपणा, शिवाय काचेवरचं दव पांढरं होऊन मागचं सगळं झाकलं जातं. हिवाळ्यात पहाटे पारा शून्याजवळ असतो; थंडीतून एकदम माणसांनी भरलेल्या बसमध्ये शिरलात तर लेन्स धुरकटते. कॅमेरा बंद पिशवीतच ठेवून आत जायचं आणि दहा मिनिटांनी काढायचा. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

उजाडल्यावर सहायकाबरोबर मोलोटो, क्वाम्हलांगापर्यंत जाऊन दुपारी तीनच्या आत प्रिटोरियाकडे परत फिरावं.

दिवस पाचवा : ब्रामफोंटेन, रोझबँक, बॉक्सबर्ग

भल्या पहाटे ब्रामफोंटेनचे रस्ते झाडले जात असतात. मार्केट फोटो वर्कशॉपचेच सबेलो म्लांगेनी (जन्म १९८०) यांनी जोहान्सबर्गच्या मध्यभागात रात्री रस्ते झाडणाऱ्या बायकांवर २००६ मध्ये कृष्णधवल मालिका केली. दिवसा चकचकीत दिसणाऱ्या शहराला त्या बायका दिसत नाहीत, हा त्याचा विषय. मुंबईच्या सफाई कामगारांचं सुधारक ओलवे यांचं दीर्घ काम (२०१६ चे पद्मश्री) ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही मालिका शेजारी ठेवून पाहावीशी वाटेल. ओलवे गटारात, मैल्यात उतरतात, अंगावर येतात; म्लांगेनी धूळ आणि दिव्यांच्या उजेडात माणूस अर्धवट विरघळू देतात. काम एकच, दोन शहरांत दोन रीती.

मग विट्स विद्यापीठाचं कलासंग्रहालय, ब्रामफोंटेनच्या कोपऱ्यावर. रोझबँककडे यान स्मट्स अव्हेन्यूवर गुडमन गॅलरी, जी गोल्डब्लॅट यांचं काम दाखवत आली. मुहोली आणि म्लांगेनी यांचं काम पूर्वी स्टीव्हनसन गॅलरीकडे असे. भिंतीवर त्या महिन्यात दुसरंच काही असू शकतं, म्हणून आधी विचारावं. जोहान्सबर्ग आर्ट गॅलरीचं छत गळतं, इमारतीचे भाग बंद असतात; चौकशीशिवाय जाऊ नये.

निगेटिव्ह मात्र इथं नाहीत. गोल्डब्लॅट यांनी आपला संग्रह केप टाउन विद्यापीठाला द्यायचं ठरवलं होतं. २०१६ मध्ये आंदोलक विद्यार्थ्यांनी तिथली काही चित्रं जाळली, आणि विद्यापीठानं वादग्रस्त वाटणाऱ्या कलाकृती उतरवल्या, झाकल्या. विचारस्वातंत्र्याचा हा बळी त्यांना मान्य नव्हता. २०१७ मध्ये त्यांनी संग्रह काढून अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या येल विद्यापीठाला दिला. कारण पटतं, आणि तरी बोचतं. ज्यांच्या आजोबांची दुकानं आणि बसगाड्या त्या निगेटिव्हांत आहेत, त्यांना मूळ पाहायला न्यू हेवनला जावं लागतं.

परतीचं विमान संध्याकाळी असेल तर शेवटचा थांबा बॉक्सबर्ग, कारण ते विमानतळाच्या अगदी जवळ आहे. इथल्या गोऱ्या मध्यमवर्गावर त्यांनी १९७९-८० मध्ये काम केलं, पुस्तक १९८२ चं. २८ जून १९८० च्या शनिवारी सकाळी एका हायपरमार्केटमध्ये सुंदर पायांची स्पर्धा होती, तिच्या उपांत्य फेरीचा फोटो प्रसिद्ध आहे. मंचावर गोऱ्या तरुणी, बघ्यांमध्ये काळे, गोरे, मुलं, खरेदीच्या पिशव्या. एकही पोलीस नाही, एकही पाटी नाही, आणि सगळी व्यवस्था डोळ्यांपुढे. आज तळ्याकाठी तासभर चालावं, शनिवार असेल तर कुठल्याही मॉलमध्ये शिरावं, कॅमेरा बाहेर काढण्याआधी सुरक्षारक्षकाला विचारावं. तो नाही म्हणतो. मग नुसतं पाहावं, आणि वहीत वेळ, जागा, तारीख लिहून ठेवावी.

भाड्याची गाडी परत करताना टाकी भरल्याची पावती घ्यावी, सीटखाली बॅटऱ्या राहिल्या नाहीत ना ते बघावं. फाटकावर थांबण्याच्या दोन तासांत आदल्या चार दिवसांची नावं, रस्ते आणि क्रमांक वहीतून फाइलींमध्ये चढवून होतात. ज्यांना प्रत कबूल केली त्यांना फोटो तिथूनच पाठवावेत, विमानतळाचं वायफाय पुरतं. कॅमेऱ्याचं घड्याळ भारतीय वेळेवर आणायचं ते त्यानंतर.